रिमाइंडर वाजलाच नाही! आउटलुकच्या कॅलेंडरमध्ये चूक नेमकी कुठे शोधायची?

(आमच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं थोडी सावरून घेतली आहेत, बाकी जवळपास जसंच्या तसं. मेनू आणि बटणांची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, इथे ती उच्चारानुसार दिली आहेत.)

 

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला. मेसेज होता एका ताईंचा. त्या एका छोट्या शहरात, सीएच्या ऑफिसमध्ये काम करतात. गावाचं आणि ऑफिसचं नाव सांगत नाही, तसं त्यांनीच बजावलंय. मेसेज साडेतीन मिनिटांचा होता आणि त्यातली शेवटची 30 सेकंद त्या नुसत्या थांबत थांबत बोलत होत्या. म्हणाल्या, "दादा, सर ओरडले नाहीत हो. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, 'तुझ्यावर सोडलं होतं ना मी?'"

झालं काय, तर ऑगस्ट महिना. जीएसटीचं मासिक रिटर्न, जीएसटीआर-3बी, दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचं असतं. ऑफिसच्या बहुतेक क्लायंटचं काम वेळेत झालं. दोघांची बिलं यायची होती. ताईंनी काय केलं, आउटलुकच्या कॅलेंडरमध्ये 20 तारखेला दुपारी 3 वाजताची नोंद केली, "या दोघांचं राहिलंय" म्हणून. बिलं 19 ला संध्याकाळी आली. 20 ला ऑफिसात दुसरीच गडबड होती. रिमाइंडर काही आला नाही. लक्षात आलं ते 23 तारखेला.

आता पैशांचा हिशोब केला तर फार मोठा नाही. उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी, म्हणजे 3 दिवसांचे 150. वर रोखीनं भरायच्या कराच्या रकमेवर वर्षाला 18 टक्के दरानं व्याज. समजा 2 लाख रुपये कर भरायचा होता, तर 3 दिवसांचं व्याज साधारण 296 रुपये. सरांनी दोन्ही क्लायंटचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. विषय संपला.

पण ताईंसाठी तो संपला नाही. कारण त्यांचं म्हणणं, "मी नोंद केली होती. मला पक्कं आठवतंय. कॅलेंडर उघडलं तर नोंद तिथेच आहे, घंटीच्या चिन्हासकट. मग वाजला का नाही? की मीच वाजलेला बंद केला आणि मला आठवत नाही?"

हा शेवटचा प्रश्न मला जास्त टोचला. मशीन गप्प बसलं की माणूस स्वतःवर शंका घ्यायला लागतो. म्हणून आजचा भाग. आपण बघणार आहोत विंडोजवरचं आउटलुक, म्हणजे जुनं, ज्याला आता क्लासिक आउटलुक म्हणतात ते. बहुतेक ऑफिसांत अजून तेच आहे. नवीन आउटलुक आणि थंडरबर्डबद्दल शेवटी थोडं बोलतो.

नोंद म्हणजे रिमाइंडर नव्हे

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. कॅलेंडरमध्ये नोंद दिसतेय याचा अर्थ रिमाइंडर येणारच, असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंद हे नुसतं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं लिहिल्यासारखं आहे. रिमाइंडर यायला मात्र पाच गोष्टी एकामागोमाग एक जुळाव्या लागतात. एक, त्या नोंदीला रिमाइंडर लावलेला हवा. दोन, ती नोंद अशा कॅलेंडरमध्ये हवी ज्याच्यावर आउटलुक लक्ष ठेवतं. तीन, त्या वेळी आउटलुक चालू हवं. चार, रिमाइंडरची खिडकी तुमच्या डोळ्यांसमोर यायला हवी. आणि पाच, तुम्ही ती वाचायला हवी, नुसती बंद करायला नको.

यातली एक कडी जरी तुटली तरी परिणाम एकच दिसतो: शांतता. आणि गंमत अशी की आउटलुक तुम्हाला सांगत नाही की कुठली कडी तुटली. म्हणून लोक काय करतात, सगळं आउटलुकच काढून परत टाकतात. दोन तास जातात आणि कधीकधी दुखणं तसंच राहतं. तर तसं करायचं नाही. आधी कडी शोधायची.

दहा मिनिटांची चाचणी

हे आत्ता, ऐकता ऐकता करून बघा. आउटलुक उघडा, कॅलेंडरमध्ये जा. डावीकडे कॅलेंडरांची यादी दिसेल. त्यात एकापेक्षा जास्त कॅलेंडरं असतील तर प्रत्येकासमोर टिक करायचा चौकोन असतो. आत्ता फक्त तुमच्या मुख्य ईमेल खात्याचं कॅलेंडर टिक करून ठेवा, बाकीची काढा.

आता 10 मिनिटांनंतरची एक नोंद करा. नाव द्या "चाचणी एक". रिमाइंडरच्या खान्यात 5 मिनिटं निवडा. सेव्ह करा आणि आउटलुक चालू ठेवून दुसरं काम करा.

5 मिनिटांनी खिडकी आली? मग तुमचं आउटलुक ठणठणीत आहे, गडबड आहे ती जुन्या नोंदींमध्ये किंवा दुसऱ्या कॅलेंडरमध्ये. खिडकी आली नाही? मग गडबड प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये आहे. एवढ्यानंच अर्धं जंगल साफ होतं.

मी ताईंना फोनवर हेच करायला लावलं. चाचणी एक व्यवस्थित वाजली. ताई अजूनच गोंधळल्या. मग म्हटलं, आता हीच चाचणी त्या कॅलेंडरमध्ये करा जिथे तुम्ही 20 तारखेची नोंद केली होती. त्यांनी केली, सेव्ह दाबलं आणि म्हणाल्या, "थांबा दादा, काहीतरी विचारतंय."

म्हटलं, वाचा काय विचारतंय ते.

त्यांनी वाचलं. थोडक्यात अर्थ असा होता की ही नोंद ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे रिमाइंडर चालत नाहीत, त्यामुळे रिमाइंडर दिसणार नाही, चालेल का? खाली येस आणि नो.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "हे ना, हल्ली रोजच येतं. मी येस दाबते."

ताईंच्या ऑफिसात काय घडलं होतं

जुलैमध्ये ऑफिसचं ईमेल बदललं. जुना पत्ता पॉप पद्धतीचा होता. म्हणजे मेल, कॅलेंडर सगळं त्यांच्याच कॉम्प्युटरवर एका पीएसटी फाइलमध्ये साठायचं. नवीन खातं मायक्रोसॉफ्ट 365 चं आलं. ज्यानं ते बसवून दिलं त्यानं नवीन खातं मुख्य केलं, जे बरोबरच होतं. जुनी फाइल तशीच ठेवली, कारण जुन्या मेल लागतात. हेही बरोबर.

पण आता आउटलुकमध्ये दोन कॅलेंडरं झाली. एक जुनं, सगळ्या नोंदींनी भरलेलं, ताईंच्या डोळ्यांना सवयीचं. एक नवीन, रिकामं. ताई आपल्या सवयीनं जुन्यातच नोंदी करत राहिल्या. कोण नाही करणार?

आउटलुक रिमाइंडरसाठी लक्ष ठेवतं ते मुख्य डेटा फाइलवर. दुसरी फाइल उघडी असली, तिच्यातलं कॅलेंडर पडद्यावर रंगीत दिसत असलं, तरी तिच्यातले रिमाइंडर आपोआप वाजत नाहीत. म्हणून नोंद होती, घंटीचं चिन्ह होतं आणि तरी वाजलं काही नाही. ताईंनी काहीही वाजलेलं बंद केलं नव्हतं. स्वतःवर घेतलेली शंका तिथेच मिटली.

त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता, "मग ऑगस्टच्या 11 तारखेला कसं कळलं नाही?" 11 तारीख असते जीएसटीआर-1 ची. त्याचंही उत्तर सोपं आहे. ती तारीख त्यांच्या तोंडपाठ. रिमाइंडर न येताही काम झालं, त्यामुळे घंटी बंद पडलीय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या दिवशी खरंच घंटीची गरज पडली त्याच दिवशी कळलं.

दुरुस्ती: दोन रस्ते

आधी मुख्य फाइल कुठली ते बघा. वर डावीकडे फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज, परत अकाउंट सेटिंग्ज, तिथे डेटा फाइल्स नावाचा टॅब. यादीत एका फाइलसमोर टिकची खूण असते आणि डिफॉल्ट असं लिहिलेलं असतं. ती तुमची मुख्य फाइल. इथे काही बदलायची घाई करू नका, आधी फक्त बघा.

पहिला रस्ता तात्पुरता. मेलच्या बाजूला जा. डावीकडे जुन्या फाइलचं जे सगळ्यात वरचं नाव आहे त्यावर उजवं क्लिक करा, डेटा फाइल प्रॉपर्टीज निवडा. जनरल टॅबमध्ये एक चौकोन आहे, या फोल्डरमधले रिमाइंडर आणि टास्क टू-डू बारमध्ये दाखवा अशा अर्थाचा. तो टिक करा, ओके करा, आउटलुक बंद करून परत उघडा. आता जुन्या फाइलच्या कॅलेंडरमधले रिमाइंडरही यायला लागतील. पहिल्यांदा उघडल्यावर जुन्या, उलटून गेलेल्या तारखांची रांग समोर येऊ शकते. घाबरू नका. पण रागानं सगळं एकदम बंदही करू नका, त्यात एखादी पुढची तारीख असू शकते.

दुसरा रस्ता कायमचा. जुन्या नोंदी नवीन कॅलेंडरमध्ये नेऊन टाका. जुनं कॅलेंडर उघडा. व्ह्यू टॅबमध्ये चेंज व्ह्यू, मग लिस्ट. सगळ्या नोंदी यादीसारख्या दिसतील. पुढच्या काळातल्या नोंदी आणि दर महिन्याला येणाऱ्या नोंदी निवडा, उजवं क्लिक, मूव्ह आणि त्यात कॉपी टू फोल्डर. नवीन कॅलेंडर निवडा. मूव्हऐवजी कॉपी म्हणतोय ते मुद्दाम. एक-दोन आठवडे बघा, सगळं नीट वाजतंय याची खात्री झाली की मग जुन्यातल्या काढा. आणि कॉपी झाल्यावर पहिल्या रस्त्यातली टिक काढायला विसरू नका, नाहीतर एकेका कामाचे दोन-दोन रिमाइंडर येतील.

ताईंनी दुसरा रस्ता घेतला. शेवटी जुन्या कॅलेंडरसमोरची टिक काढून टाकली, म्हणजे ते डोळ्यांसमोरच येणार नाही. सवय मोडायला हा सगळ्यात सोपा उपाय.

हाच प्रकार आणखी दोन ठिकाणी होतो. दुसऱ्याचं शेअर केलेलं कॅलेंडर तुम्हाला दिसतं, पण त्याचे रिमाइंडर तुम्हाला येत नाहीत, ते त्याचे. आणि लिंकवरून जोडलेलं इंटरनेट कॅलेंडर, शाळेचं वेळापत्रक, सामन्यांच्या तारखा वगैरे, तेही वेगळ्या फाइलमध्ये बसतं. त्यातली एखादी तारीख तुमच्यासाठी खरंच महत्त्वाची असेल तर ती स्वतःच्या मुख्य कॅलेंडरमध्ये कॉपी करून घ्या.

पहिलीच चाचणी नापास झाली तर?

म्हणजे मुख्य कॅलेंडरमध्येही काही वाजलं नाही. मग या क्रमानं बघा.

फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड. थोडं खाली सरकलात की रिमाइंडर्स असा भाग आहे. तिथे शो रिमाइंडर्स टिक केलेलं हवं. कुणीतरी प्रेझेंटेशन देताना मध्येच खिडकी येऊ नये म्हणून ते काढतं आणि परत लावायचं विसरतं, असं सर्रास होतं. त्याच्या जवळच प्ले रिमाइंडर साउंड आहे, आवाज हवा असेल तर. अर्थात ऑफिसच्या कॉम्प्युटरला स्पीकर आहे का, हेही बघा! अनेकांना वाटतं घंटी बंद पडली, आणि स्पीकरच जोडलेला नसतो.

नव्या आवृत्त्यांमध्ये इथेच आणखी दोन चौकोन दिसतात. एक आहे रिमाइंडर बाकी सगळ्या खिडक्यांच्या वर दाखवण्याचा. हा जरूर टिक करा. हा नसेल तर काय होतं, तुम्ही टॅलीमध्ये किंवा एक्सेलमध्ये गुंतलेले असता, रिमाइंडर मागे येऊन उभा राहतो आणि खाली टास्कबारवर नुसतं चिन्ह चमकत राहतं.

दुसरा चौकोन आहे होऊन गेलेल्या कार्यक्रमांचे रिमाइंडर आपोआप बंद करण्याचा. हा टिक असेल तर विचार करा. समजा शनिवारी 11 वाजता काही होतं, तुमचा कॉम्प्युटर बंद होता. सोमवारी उघडल्यावर आउटलुक म्हणणार, हे तर होऊन गेलं, आणि गुपचूप बाजूला करणार. मीटिंगसाठी हे सोयीचं, पण "अमुक काम करायचंय" अशा नोंदींसाठी घातक. आपल्याकडे लोक कॅलेंडरचा वापर कामाच्या यादीसारखा करतात, म्हणून हा चौकोन रिकामा ठेवलेला बरा.

खिडकी आली पण हरवली असं वाटतंय? व्ह्यू टॅबमध्ये रिमाइंडर्स विंडो नावाचं बटण आहे. ते दाबलं की ती समोर येते. दुसरा मॉनिटर जोडून काम करणाऱ्यांनी हे आवर्जून करून बघा.

मग तिसरी कडी. क्लासिक आउटलुक बंद असेल तर रिमाइंडर येत नाही. कॉम्प्युटर चालू आहे एवढं पुरत नाही, आउटलुक चालू हवं. कॉम्प्युटर झोपलेला असेल, म्हणजे स्लीपमध्ये, तरी नाही. वेळ उलटून गेल्यावर आउटलुक उघडलं की मग तो दाखवतो, उशिरा का होईना.

नोंदीतच रिमाइंडर नसेल तर

फाइल, ऑप्शन्स, कॅलेंडर इथे डिफॉल्ट रिमाइंडर्स म्हणून एक चौकोन आहे, साधारणपणे 15 मिनिटांवर असतो. तो बंद असेल तर नव्या नोंदींना आपोआप रिमाइंडर लागत नाही. तो आत्ता चालू केला तरी आधीच्या नोंदींना लागत नाही, हे लक्षात ठेवा. त्या एकेक उघडून बघाव्या लागतात.

आणि ऑल डे प्रकारच्या नोंदींचं एक वेगळंच प्रकरण आहे. वाढदिवस, हप्ता, शेवटची तारीख, हे आपण पूर्ण दिवसाची नोंद म्हणून टाकतो. आउटलुकच्या दृष्टीनं पूर्ण दिवस सुरू होतो रात्री 12 वाजता. म्हणजे तुम्ही 15 मिनिटं आधी असं निवडलंत तर रिमाइंडरची वेळ झाली आदल्या रात्री 11 वाजून 45 मिनिटं! ऑफिस कुलूपबंद, कॉम्प्युटर बंद. सकाळी आल्याआल्या आठ-दहा खिडक्यांच्या रांगेत तोही असतो, आणि आपण चहा घेता घेता डिसमिस ऑल दाबतो.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. ज्या कामाला शेवटची तारीख आहे, त्याची ऑल डे नोंद करू नका. ते काम तुम्ही ज्या वेळी खुर्चीत बसलेले असता त्या वेळेची नोंद करा. सकाळी 11, दुपारी 3, असं. आणि एक नोंद शेवटच्या दिवशी, एक दोन दिवस आधी.

वेळ चुकीची, रिमाइंडर बरोबर

कधीकधी रिमाइंडर येतो, पण भलत्याच वेळी. तेव्हा टाइम झोन बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाइम. आपल्यासाठी तिथे यूटीसी अधिक 5:30 हवं, त्यापुढे चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी नावं असतात. परदेशातून आणलेला लॅपटॉप असेल तर हे पहिलं तपासा.

आणखी एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांसाठी, आणि ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठीही. न्यू यॉर्कला सकाळी 9 ची भेट म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे 6:30, पण हिवाळ्यात 7:30. कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आपलं घड्याळ काही हलत नाही. तुम्ही दर आठवड्याची नोंद हातानं 6:30 ची टाकली असेल तर नोव्हेंबरनंतर रिमाइंडर एक तास आधी येणार. उलट हिवाळ्यात 7:30 ची टाकली असेल तर मार्चनंतर तो येईपर्यंत लेक फोन ठेवून कामाला लागलेली असणार. उपाय असा: नोंद करतानाच टाइम झोन्स हे बटण दाबा आणि वेळेसमोर अमेरिकेतला ईस्टर्न टाइम निवडा. मग वर्षभर हिशोब आउटलुक करतं.

सगळं बरोबर आहे, तरी वाजत नाही

सेटिंग बरोबर, कॅलेंडर बरोबर, आउटलुक चालू, तरी शांतता. असं क्वचित होतं, पण होतं. आउटलुक आतल्या आत रिमाइंडरची एक यादी ठेवतं. ती यादी बिघडली की असं होऊ शकतं. ती पुसून नव्यानं बनवायची एक आज्ञा आहे.

आउटलुक पूर्ण बंद करा. कीबोर्डवर विंडोजचं बटण धरून आर दाबा. एक छोटी खिडकी येईल. तिथे इंग्रजीत टाइप करायचं: आउटलुक डॉट ईएक्सई, मग एक स्पेस, मग पुढे झुकलेली रेघ म्हणजे स्लॅश, आणि स्लॅशला चिकटून क्लीन आणि रिमाइंडर्स हे दोन शब्द जोडून. रिमाइंडर्सच्या शेवटी एस आहे, तो विसरू नका. मध्ये कुठेही आणखी स्पेस नको. एंटर. आउटलुक उघडेल, परत दहा मिनिटांची चाचणी करा. तुमच्या नोंदी यानं पुसल्या जात नाहीत, फक्त रिमाइंडरची यादी नव्यानं तयार होते.

तेही चाललं नाही तर त्याच खिडकीत स्लॅशनंतर सेफ हा एकच शब्द टाकून उघडा. यात बाहेरून जोडलेली जास्तीची साधनं, म्हणजे ॲड-इन, बंद राहतात. आता रिमाइंडर आला तर दोष एखाद्या ॲड-इनचा. आणि पीएसटी फाइलच खराब झाल्याचा संशय असेल तर इनबॉक्स रिपेअर टूल आहे. पण ते चालवण्याआधी आउटलुक बंद करून त्या फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्याच. इथे घाई केली तर नोंदींबरोबर मेलही जायच्या.

नवीन आउटलुक आणि थंडरबर्ड

तुमच्या आउटलुकमध्ये मी सांगितलेला फाइल, ऑप्शन्स हा रस्ताच सापडत नसेल तर तुम्ही बहुतेक नवीन आउटलुकवर आहात. तिथे वर उजवीकडे दातेरी चाकाचं चिन्ह आहे, सेटिंग्ज. त्यात कॅलेंडर आणि नोटिफिकेशन्स हे दोन्ही भाग तपासा. शिवाय विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, नोटिफिकेशन्स इथे आउटलुकला परवानगी आहे का आणि डू नॉट डिस्टर्ब चालू राहिलंय का, हे बघा. वर सांगितलेल्या स्लॅशच्या आज्ञा क्लासिकसाठी आहेत, त्या इथे वापरू नका.

थंडरबर्डमध्ये प्रत्येक कॅलेंडरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडता येतात, तिथे शो रिमाइंडर्स असा चौकोन आहे. एका कॅलेंडरला तो चालू, दुसऱ्याला बंद, असं असू शकतं. म्हणजे नावं वेगळी, पण कडी तीच: नोंद कुठल्या कॅलेंडरमध्ये आहे आणि प्रोग्रॅम त्याच्यावर लक्ष ठेवतोय का?

शेवटी, कुठल्याही सेटिंगमध्ये नसलेली गोष्ट

ताईंचं सगळं झाल्यावर आम्ही तिघं फोनवर बोललो, त्या, त्यांचे सर आणि मी. सरांना मी दोन्ही चाचण्या करून दाखवायला सांगितल्या. एक वाजली, एक नाही. सर म्हणाले, "अरे, म्हणजे माझंपण असंच असणार!" त्यांचंही जुलैमध्येच बदललं होतं. त्यांच्या जुन्या कॅलेंडरमध्ये सप्टेंबरच्या 15 तारखेची ॲडव्हान्स टॅक्सच्या हप्त्याची नोंद होती. तीही वाजणार नव्हती.

त्यानंतर त्यांनी ऑफिसात तीन नियम केले, ते तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिला: ईमेल खातं, कॉम्प्युटर किंवा आउटलुकची आवृत्ती बदलली की त्याच दिवशी दहा मिनिटांची चाचणी. मेल येते-जाते एवढं बघून बसवून देणाऱ्याला सोडायचं नाही, रिमाइंडर वाजवून दाखव म्हणायचं.

दुसरा: ज्या तारखेला दंड आहे, ती दोन ठिकाणी. एक आउटलुकमध्ये, एक फोनमध्ये किंवा सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मायक्रोसॉफ्ट 365 चं खातं असेल तर तेच कॅलेंडर फोनवरच्या आउटलुकमध्ये आपोआप दिसतं. पॉप किंवा आयमॅप खात्याचं कॅलेंडर मात्र त्या एका कॉम्प्युटरपुरतंच असतं. आयमॅपच्या कॅलेंडरपुढे तर "फक्त या कॉम्प्युटरवर" अशा अर्थाचे शब्दच लिहिलेले असतात, आपण ते वाचत नाही.

तिसरा: जी खिडकी प्रश्न विचारते, ती वाचल्याशिवाय येस दाबायचं नाही. समजलं नाही तर नो दाबून कुणाला तरी विचारायचं. विचारल्याबद्दल कुणी काही बोलणार नाही. हे वाक्य सरांनी स्वतःहून जोडलं, आणि मला वाटतं ताईंना त्या दिवशी आउटलुकपेक्षा हेच ऐकायचं होतं.

तर मंडळी, आज घरी किंवा ऑफिसात आउटलुक उघडाल तेव्हा 10 मिनिटांनंतरची एक "चाचणी एक" टाकून बघा. वाजली तर उत्तम. नाही वाजली, तर कुठली कडी तुटलीय ते कसं शोधायचं, आता तुम्हाला माहीत आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार!